‘एआयनं १० गणिती कोडी सोडवली’ म्हणे! पण कॉम्प्युटर गणिताचं कोडं सोडवतो म्हणजे नेमकं काय करतो?

ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. ओपनएआय कंपनीतले वरिष्ठ अधिकारी केविन वाईल यांनी ‘एक्स’वर एक पोस्ट टाकली. पॉल एर्डश या गणितज्ञाची आजवर न सुटलेली १० कोडी जीपीटी-५नं सोडवली, आणखी ११ कोड्यांमध्ये प्रगती केली, असा दावा त्यात होता.

पोस्ट पसरायला वेळ लागला नाही. ‘आता गणितज्ञांचं काय काम?’ इथपर्यंत चर्चा गेली.

मग थॉमस ब्लूम यांनी तोंड उघडलं. ब्लूम मँचेस्टर विद्यापीठात गणितज्ञ आहेत आणि एर्डश यांच्या हजाराहून जास्त कोड्यांची यादी तेच सांभाळतात. त्यांचं म्हणणं साधं होतं. यादीत एखाद्या कोड्यापुढे ‘न सुटलेलं’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की ते सुटल्याचं ब्लूम यांच्या वाचनात आलेलं नाही. जीपीटी-५नं ती कोडी सोडवलेली नव्हती. दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवून छापलेले शोधनिबंध तेवढे त्यानं धुंडाळून आणले होते. गूगल डीपमाइंडचे प्रमुख डेमिस हसाबिस यांनीही हा प्रकार लाजिरवाणा असल्याची टिप्पणी केली. वाईल यांनी पोस्ट काढून टाकली.

जुने निबंध शोधून काढणं हेही काही कमी काम नाही. पण ‘उत्तर शोधलं’ आणि ‘उत्तर शोधून आणलं’ यात फरक आहे, आणि तो फरक लाखो लोकांच्या नजरेतून निसटला. याचं एक कारण म्हणजे गणिताचं कोडं कॉम्प्युटरनं सुटतं कसं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. त्याला सगळं पटापट मोजता येतं, मग आकड्यांचं कोडं सुटणारच, असा समज असतो.

तो समज कुठे खरा ठरतो आणि कुठे फसतो, ते बघूया.

आधी हे एर्डश कोण?

हंगेरीत १९१३ साली जन्मलेले पॉल एर्डश. घर नाही, कायमची नोकरी नाही, सामान म्हणजे एखादी सूटकेस. जगभरातल्या गणितज्ञांच्या घरी मुक्काम करायचा, सोबत बसून गणित करायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. १९९६ साली ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर सुमारे १,५०० शोधनिबंध होते. कोडी घालणं हा त्यांचा छंदच. अवघड कोड्यांना ते स्वतःच्या खिशातून बक्षीस लावायचे.

ही कोडी मुख्यतः दोन प्रकारची. एक संख्या सिद्धांताची, म्हणजे मूळ संख्या, विभाजक, बाकी, वर्ग, घन यांची. दुसरी कॉम्बिनेटोरिक्सची, म्हणजे एखादी गोष्ट किती प्रकारे मांडता येईल आणि कोणती मांडणी जमणारच नाही, याची. दोन्ही प्रकारांची गंमत अशी की प्रश्न शाळकरी पोरालाही कळतो आणि उत्तरासाठी पिढ्या जातात. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना म्हणूनच ती आवडतात. ‘प्रोजेक्ट ऑयलर’ हा अशाच कोड्यांचा संग्रह २००१ पासून चालू आहे आणि जगभरातले कोडर त्यावर डोकं घासून घेतात.

त्यातलंच एक कोडं घेऊ. २० × २० चौकोनांची जाळी आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जायचं. फक्त उजवीकडे किंवा खाली सरकता येतं. रस्ते किती?

नवखा कोडर काय करेल? कॉम्प्युटरला एकेक रस्ता चालून बघायला लावेल. रस्ते आहेत १३७८४६५२८८२०, म्हणजे १३ हजार ७८४ कोटींहून जास्त. सेकंदाला १ कोटी रस्ते मोजले तरी पावणेचार तासांच्या वर वेळ लागेल. हरकत नाही, रात्री लावून ठेवला की सकाळी उत्तर मिळेल. आता जाळी थोडीशीच मोठी करा, ३० × ३०. त्याच वेगानं ३७० हून जास्त वर्षं लागतील.

जरा थांबून विचार करणारा काय म्हणेल? कोणत्याही नाक्यावर तुम्ही एकतर वरून आलात किंवा डावीकडून. म्हणजे त्या नाक्यापर्यंतचे रस्ते = वरच्या नाक्यापर्यंतचे + डावीकडच्या नाक्यापर्यंतचे. झालं! २० × २० साठी फक्त ४०० बेरजा. चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं एका दुपारी होतील. ३० × ३० साठी ९००. कॉम्प्युटरला तर डोळ्याची पापणी लवायच्या आत जमेल.

मशीन तेच, कोडंही तेच. ३७० वर्षं आणि पापणी लवण्यातलं अंतर त्या एका वाक्यानं कापलं.

देवळालीच्या मास्तरांनी हे कॉम्प्युटरशिवाय केलं होतं

याचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. डहाणूत जन्मलेले, नाशिकजवळ देवळालीत शाळेत शिकवणारे. त्यांचा ६१७४ हा आकडा व्हॉट्सॅपवर अधूनमधून फिरत असतो.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. उदाहरणार्थ ३५२४. ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ६१७४ वर हेच केलं की पुन्हा ६१७४. कुठूनही सुरुवात करा, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत तुम्ही इथेच येता.

पण ‘कुठूनही’ हे ठामपणे कसं म्हणायचं? आज दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहून ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या सगळ्या ९,९९० संख्या तपासता येतात, सेकंदही लागत नाही. शक्यता मोजक्या आहेत आणि सगळ्या तपासून झाल्या, म्हणजे ही पक्की सिद्धताच झाली.

कागदावर करायचं तर मात्र ९,९९० वजाबाक्यांच्या भानगडीत पडावं लागत नाही. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकीचं उत्तर दरवेळी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढंच येतं. म्हणजे मूळ संख्या कोणती हे महत्त्वाचं नाही, हे दोन फरक तेवढे महत्त्वाचे. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याइतका. एकूण जोड्या फक्त ५४. तेवढ्या तपासल्या की काम फत्ते.

हौशी कोडरनं हेच पाच अंकी संख्यांवर करून बघावं. तिथे ६१७४ सारखा एकच मुक्काम मिळत नाही, संख्या चक्रात गोल फिरत राहतात. कॉम्प्युटर हे क्षणात दाखवतो. का, ते तो सांगत नाही.

मग सगळंच तपासून का बघत नाहीत?

कारण संख्या संपत नाहीत. अडचण आहे ती इथेच.

चार अंकी संख्या ९,९९० वर संपल्या, म्हणून जमलं. ‘प्रत्येक संख्येसाठी’ असं कोड्यात आलं की कॉम्प्युटर कितीही पळाला तरी पुढे तेवढंच शिल्लक असतं. आणि ‘इतक्या कोटींपर्यंत तपासलं, म्हणजे पुढेही खरंच असणार’ या समजुतीनं भल्याभल्यांना तोंडावर पाडलंय.

१९१९ साली जॉर्ज पोल्या यांनी एक निरीक्षण मांडलं. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजा. १२ = २ × २ × ३, म्हणजे तीन अवयव, विषम. १० = २ × ५, म्हणजे दोन, सम. पोल्या यांना दिसलं की २ पासून पुढे कुठेही थांबा, तिथवरच्या संख्यांत निम्म्या तरी विषम अवयववाल्या असतात. हजारापर्यंत बघा, खरं. कोटीपर्यंत बघा, खरं. ५० कोटींपर्यंतही खरंच.

हे पहिल्यांदा मोडतं ९० कोटी ६१ लाख ५० हजार २५७ या संख्येला. पोल्या यांचं म्हणणं सरसकट खरं नाही, हे १९५८ मध्येच सिद्ध झालं होतं. ते मोडण्याची नेमकी पहिली जागा हाती लागली १९८० मध्ये, कॉम्प्युटरच्या मदतीनं.

म्हणजे ‘हे खोटं आहे’ असं दाखवायला कॉम्प्युटर फर्स्ट क्लास. एक उलटं उदाहरण सापडलं की विषय संपला. ऑयलर यांनी १८ व्या शतकात मांडलेलं एक अनुमान १९६६ साली असंच कोसळलं. लँडर आणि पार्किन यांनी कॉम्प्युटरवर शोधून दाखवलं की २७, ८४, ११० आणि १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज म्हणजे १४४ चा पाचवा घात. त्यांचा शोधनिबंध होता दोन वाक्यांचा.

‘हे नेहमीच खरं आहे’ हे दाखवायला मात्र मोजणी पुरत नाही.

विहीर, साप आणि १३ जीबीची सिद्धता

दोन्ही बाजू एकाच गोष्टीत बघायच्या असतील, तर एर्डश यांचंच एक कोडं घ्यावं. १९३० च्या दशकातलं, ५०० डॉलर बक्षिसाचं.

समजा, तुमच्या डावीकडे दोन पावलांवर विहीर आहे आणि उजवीकडे दोन पावलांवर साप. म्हणजे कुठल्याही बाजूला एक पाऊल चालेल, दोन झाली की खेळ खलास. तुम्ही आधीच कागदावर पावलांची यादी लिहून द्यायची. मग शत्रू ठरवणार की सगळी पावलं टाकायची, की फक्त दर दुसरं, की दर तिसरं, की दर चौथं. त्यानं काहीही निवडलं तरी तुम्ही वाचला पाहिजेत. यादी किती लांब करता येईल?

ही ११ पावलं जमतात : उजवं, डावं, डावं, उजवं, डावं, उजवं, उजवं, डावं, डावं, उजवं, उजवं. तपासून बघा. आता बारावं लिहायला जा. सगळी पावलं टाकली, तर अकराव्यानंतर तुम्ही एक पाऊल उजवीकडे आहात, म्हणून बारावं डावं हवं. शत्रूनं दर तिसरं निवडलं, तर नवव्यानंतर तुम्ही एक पाऊल डावीकडे आहात, म्हणून बारावं उजवं हवं. एकच पाऊल दोन्हीकडे कसं पडणार? १२ पावलांच्या एकूण याद्या ४,०९६. सगळ्या तपासल्या तरी एकही टिकत नाही.

बरं, विहीर आणि साप एकेक पाऊल लांब सरकवले, म्हणजे तिसऱ्या पावलाला धोका, तर? लिव्हरपूल विद्यापीठातल्या बोरिस कोनेव्ह आणि अलेक्सेई लिसित्सा यांनी २०१४ मध्ये याचं उत्तर दिलं. १,१६० पावलांची यादी जमते, १,१६१ ची जमत नाही.

इथे सगळ्या याद्या तपासायचा प्रश्नच नव्हता. १,१६१ पावलांच्या याद्यांची संख्या ३५० अंकी आहे. त्यांनी कोडं ‘सॅट सॉल्व्हर’ नावाच्या प्रोग्रामला समजेल अशा ‘हो की नाही’च्या अटींमध्ये लिहिलं. सुडोकू सोडवताना आपण ‘इथे ५ टाकला तर तिथे ३ येतो, मग ही ओळ बिघडते’ म्हणत एक अख्खी दिशाच बाद करतो. सॅट सॉल्व्हर तेच करतो, फक्त राक्षसी प्रमाणावर. ‘१,१६१ अशक्य’ याची त्यानं लिहिलेली सिद्धता होती १३ जीबीची.

१३ जीबीची सिद्धता कोण वाचणार? कुणीच नाही. ती दुसऱ्या प्रोग्रामनं तपासायची. दोनच वर्षांनी हा आकडा किरकोळ वाटावा असं काहीतरी आलं. मारिन हॉइले, ऑलिव्हर कुलमान आणि व्हिक्टर मारेक यांनी संख्यांना दोन रंग देण्याच्या एका कोड्याची सिद्धता केली. ३, ४, ५ सारखं पायथागोरसचं कोणतंही त्रिकूट एकाच रंगाचं व्हायला नको, ही अट. ७,८२४ पर्यंत रंगवता येतं, ७,८२५ ला अडतं. सिद्धतेचा आकार २०० टीबी.

आता परत विहिरीकडे. विहीर आणि साप १०० पावलं लांब असतील तर? १ लाख पावलं? प्रत्येक अंतरासाठी वेगळी मोजणी करायची, तर ती कधीच संपणार नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये टेरेन्स टाओ यांनी सिद्ध केलं की धोका कितीही लांब ठेवा, कायम टिकणारी यादी नाही म्हणजे नाही. सगळ्या अंतरांचा निकाल एकदम. सिद्धता माणसानं वाचता येईल इतक्या पानांची, कॉम्प्युटरच्या मोजणीशिवाय. तिला आधार होता अनेक गणितज्ञांनी मिळून आधी केलेल्या प्रयत्नांचा आणि मातोमाकी व राद्झिविल यांच्या तेव्हा अगदी ताज्या कामाचा.

कोनेव्ह-लिसित्सा यांचं काम त्यामुळे वाया गेलं का? नाही. ११ आणि १,१६० हे नेमके आकडे टाओ यांच्या सिद्धतेतून मिळत नाहीत. ते मशीननंच दिले.

तपासणार कोण?

काही उत्तरं तुम्ही-आम्हीही तपासू शकतो. ४२ ही संख्या तीन पूर्ण संख्यांच्या घनांची बेरीज म्हणून लिहिता येते का, हा प्रश्न अनेक दशकं अडला होता. २०१९ मध्ये ब्रिस्टलचे अँड्र्यू बुकर आणि एमआयटीचे अँड्र्यू सदरलँड यांनी उत्तर शोधलं. त्या तीन संख्या : −८०५३८७३८८१२०७५९७४, ८०४३५७५८१४५८१७५१५ आणि १२६०२१२३२९७३३५६३१. शोधायला जगभरातल्या लोकांच्या रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरांचे मिळून १० लाखांहून जास्त तास गेले. तपासायला पायथॉनची एक ओळ पुरते. (एक्सेलमध्ये करायला जाऊ नका. ते १५ अंकांपुढचं धरत नाही, उत्तर चुकेल.)

पण ‘हे प्रत्येक संख्येसाठी खरं आहे’ अशी ४० पानांची सिद्धता एआयनं लिहून दिली, तर? एआयचं लिखाण वाचायला झकास असतं आणि चूक अकराव्या पानावर एका ‘म्हणून’मध्ये दडलेली असू शकते. यावर उपाय म्हणून ‘लीन’सारखे प्रोग्राम वापरात आलेत. सिद्धतेची प्रत्येक पायरी लीनच्या भाषेत लिहायची. एक जरी पायरी आधीच्यातून निघत नसेल, तर लीन ती नाकारतो. लिहिणारा माणूस आहे की मशीन, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पण इथेही एक मेख आहे. सिद्धता बरोबर आहे का, ते लीन सांगतो. प्रश्न बरोबर लिहिलाय का, ते माणसालाच बघावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘अ‍ॅरिस्टॉटल’ या एआयनं एर्डश यांचं १२४ क्रमांकाचं कोडं सोडवलं, लीननं पासही केलं. मग लक्षात आलं की यादीत ज्या शब्दांत ते लिहिलं होतं, तो मूळ कोड्याचा सोपा अवतार होता. जानेवारी २०२६ मध्ये ७२८ क्रमांकाच्या कोड्याची एआयनं जवळपास स्वतःहून दिलेली सिद्धता आली. ती मात्र खुद्द टाओ यांनी दखल घेण्याजोगी निघाली.

म्हणजे ऑक्टोबरचा दावा खोटा निघाला, म्हणून पुढचा प्रत्येक दावा खोटाच, असंही धरून चालत नाही. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे प्रश्न गूगल डीपमाइंड आणि ओपनएआय या दोघांच्या एआयनं सोडवले आणि ४२ पैकी ३५ गुण मिळवले, सुवर्णपदकाच्या तोडीचे. दोघांनाही जो एक प्रश्न आला नाही, तो कॉम्बिनेटोरिक्सचा होता. २०२५ × २०२५ च्या जाळीवर आयताकृती फरशा अशा बसवायच्या की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात नेमका एकच चौकोन उघडा राहील. कमीत कमी फरशा किती? उघडे चौकोन कर्णावर ठेवले की ४,०४८ येतात. बरोबर उत्तर २,११२ आहे, आणि त्यासाठी उघडे चौकोन वेगळ्याच नक्षीत मांडावे लागतात.

‘एआयनं अमुक वर्षांचं कोडं सोडवलं’ ही पोस्ट तुमच्या फीडवर पुन्हा येणार आहेच. तेव्हा आधी एवढं बघा की दावा कुठल्या जातीचा आहे. तीन घनांच्या कोड्यात हजाराच्या आतल्या सात संख्या अजून अडलेल्या आहेत : ११४, ३९०, ६२७, ६३३, ७३२, ९२१ आणि ९७५. उद्या कुणी म्हणालं ‘११४ सुटलं’, तर त्या तीन संख्या मागा आणि मोबाइलवर स्वतः पडताळून बघा. कुणी म्हणालं ‘कोलाट्झचं कोडं सुटलं’, तर तसं करता येणार नाही. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा, प्रत्येक संख्या शेवटी १ वर येते, असं ते कोडं. २ चा ७१ वा घात, म्हणजे २२ अंकी संख्या, तिथवर ते तपासून झालंय आणि तरीही सुटलेलं नाही. तिथे मागायची ती सिद्धता, आणि ती कुणी तपासली त्याचं नाव.